तुलना गटातल्या चौदा जणी

पडद्यावर गाठींच्या मापाच्या दोन रेषा होत्या. निळी औषध गटाची, करडी तुलना गटाची. औषध गुणकारी असतं तर आठ महिन्यांत त्या दोघी एकमेकींपासून दूर जायला हव्या होत्या. त्या एकमेकींना चिकटून खाली उतरल्या होत्या.

"औषध गटात वीसपैकी पंधरा जणींच्या गाठी आकसल्या," संख्याशास्त्रज्ञ डॉ. समीर मुल्ला म्हणाले. "तुलना गटात वीसपैकी चौदा. मॅडम, याला फरक म्हणत नाहीत."

डॉ. मंजिरी उपासनी खुर्चीत मागे रेलल्या. मिरजेतल्या या संशोधन संस्थेत त्यांनी अकरा वर्षं एका जिवाणूवर काम केलं होतं. चाचणीत भाग घेतलेल्या चाळीसही बायकांचा स्तनाचा कर्करोग यकृतात, हाडांत किंवा फुफ्फुसांत पसरलेला होता. बाजारातलं प्रत्येक औषध घेऊन झालं होतं आणि प्रत्येक औषध काही महिन्यांनी थकलं होतं.

"म्हणजे चाळीसपैकी एकोणतीस जणी सुधारल्या," त्या म्हणाल्या. "अशा अवस्थेत दोन जणी सुधारल्या असत्या तरी आपण पेढे वाटले असते. आणि तुम्ही म्हणता औषध फुकट गेलं?"

"मी म्हणत नाही, नियम म्हणतो. शुक्रवारी चाचणीच्या देखरेख समितीपुढे हा आलेख जाईल. फरक नाही, म्हणजे कॅप्सूल बंद, साठा सीलबंद. समिती विचारेल, कॅप्सूलची अदलाबदल झाली का? झाली असेल तर चाचणीच रद्द." मुल्लांनी पेन खाली ठेवलं. "मला जीवशास्त्र पुन्हा एकदा सांगा. शाळेतल्या पोराला सांगतात तसं. गळती कुठे होऊ शकते ते बघू."

"कर्करोगाच्या पेशी स्वतःवर एक छद्मावरण चढवतात. आपल्या रक्तातल्या संरक्षक पेशींना त्या घरच्याच वाटतात. नेहमीचं औषध ते आवरण फाडतं, पण औषध ठरलेल्या साच्याचं असतं. पेशी आवरण बदलतात, औषध तिथेच राहतं. म्हणून आम्ही सजीव औषध केलं. दह्यातल्या साध्या जिवाणूत एक जनुक बसवलं. तो आतड्यात राहतो आणि रोज ताजं आवरणभेदी द्रव्य तयार करतो, एका साच्याचं नाही, अनेक साच्यांचं. आवरण बदललं तरी त्यातलं एखादं लागू पडतंच."

"आणि असा जिवाणू गावभर पसरला तर?"

"पसरला तरी जगणार नाही. त्याला पोषणकुलूप आहे. आपण देतो ती पिवळी भुकटी पोटात नसेल, तर तो दोन दिवसांत मरतो. भुकटी पचवण्याचं काम आणि द्रव्य बनवण्याचं काम एकाच जनुकाला बांधलंय. द्रव्य बनवणं सोडलं की भुकटीही पचत नाही. म्हणजे जोवर तो जिवंत आहे, तोवर कामावर आहे."

"तुलना गटाला काय देतो आपण?"

"त्याच जातीचा साधा जिवाणू, जनुक नसलेला. भुकटी मात्र दोन्ही गटांना सारखीच. नाहीतर कोण कुठल्या गटात आहे ते बायकांना लगेच कळलं असतं."

मुल्लांनी पेन पुन्हा उचललं. "मग भुकटीच औषध असेल."

"ते तुम्ही शोधा. गट तुम्हालाच माहीत आहेत."

दाराबाहेर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. उज्ज्वला कोळेकर स्कॅन आटोपून आली होती. एसटीच्या जत आगारात ती बारा वर्षं ड्रायव्हर होती. आठ महिन्यांपूर्वी तिला स्ट्रेचरवरून आणलं होतं. मणक्यात गाठ होती. आज ती चालत आली होती.

"मॅडम, सोमवारी आगारात फिटनेसला बोलावलंय!" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "खालची नर्स म्हणती शुक्रवारपासून कॅप्सूल बंद. खोटं सांगती न्हवं?"

"अजून काही ठरलेलं नाही, उज्ज्वलाताई."

"ठरवणाऱ्याला म्हणावं, स्टिअरिंग धरून जतचा घाट उतरून दाखव. मग बंद कर." ती हसली, पण जिन्याचा कठडा तिने घट्ट धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मुल्ला आकडे घेऊन आले.

"भुकटी औषध नाही. बत्तीस जणी आपल्या रुग्णनिवासात राहतात. आठ जणी इथल्याच, मिरज-सांगलीच्या, स्वतःच्या घरी. त्या आठ जणींचे आकडे बत्तिसांत बुडून गेले होते, म्हणून नजरेतून सुटले. घरच्या औषध गटात चौघी, तिघी सुधारल्या. घरच्या तुलना गटातही चौघी. भुकटी त्यांनीही घेतली. एकीलाही गुण नाही. सईदा बागवान यांच्या फुफ्फुसाभोवती आता पाणी साठतंय."

"म्हणजे तुलना गटातल्या ज्या चौदा जणी सुधारल्या..."

"सगळ्या रुग्णनिवासातल्या."

उपासनींनी दोन्ही गटांचे शौचाचे नमुने आणि उरलेल्या कॅप्सूल तपासायला लावल्या. कॅप्सूल निर्दोष निघाल्या. कुठेही अदलाबदल नव्हती. नमुन्यांनी मात्र प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना खुर्चीतून उठवलं. रुग्णनिवासातल्या तुलना गटात सोळा बायका होत्या. त्यांतल्या चौदा जणींच्या पोटात जनुक बसवलेला जिवाणू होता. मुल्लांनी आपली यादी शेजारी ठेवली. सुधारलेल्या चौदा आणि या चौदा एकच होत्या.

"हवेतून जात नाही, स्पर्शाने जात नाही," उपासनी म्हणाल्या. "तोंडावाटेच जायला हवा. आणि रोज."

त्या उठून रुग्णनिवासात गेल्या.

स्वयंपाकघर बायकांनी आपलंसं करून टाकलं होतं. उज्ज्वला ओट्यापाशी ताक घुसळत होती. तिने न विचारता पेला भरला.

"घ्या मॅडम. बसा. तुमचं तोंड सुकलंय, पेशंट आम्ही हाय का तुम्ही?"

उपासनींनी घोट घेतला आणि पेल्यात पाहिलं. "दूध कुठलं?"

"म्हशीचं. निवासात रोज तेच येतंय."

म्हशीच्या दुधाचं दही पांढरंशुभ्र हवं. पेल्यातलं ताक फिकट पिवळं होतं.

"उज्ज्वलाताई, भुकटी कशात घेता तुम्ही?"

"पाण्यात घ्यायची म्हणता तुम्ही, पण कडू जहर लागती की. म्हणून समद्या जणी आपापली पुडी संध्याकाळच्या कोमट दुधात टाकतो. एकाच पातेल्यात. सकाळी दही. ज्याची पुडी त्याच्या वाटणीचं दही, हिशेब चोख."

"आणि विरजण? ते कुठलं?"

उज्ज्वलाने कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे पाहिलं. नलिनी बिरनाळे, शिरोळची शिक्षिका, भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"मॅडम, मला काढून टाकू नका," नलिनी म्हणाली. "सुरुवातीला तोंडात इतके फोड होते की कॅप्सूल गिळवायची नाही. कागदावर लिहिलं होतं, अखंड गिळता आली नाही तर चाचणीतून वगळण्यात येईल. म्हणून मी ती उघडून, भुकटीसकट वाटीभर दुधात घालायची. एके रात्री दूध संपलं नाही. सकाळी बघते तर दही लागलेलं."

"असं घट्ट, की वाटी उलटी केली तरी पडायचं न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "नलूअक्का टाकायला निघाली होती. म्या म्हटलं, एवढं गुणाचं विरजण कुणी टाकतं व्हय? घेतलं चमचाभर, समद्यांच्या पातेल्यात लावलं. तवापासनं तेच चालू हाय."

"सगळ्या खातात?"

"दोघी सोडून. त्या पुडी पाण्यातच घेत्यात. एकीला दही बाधतं, दुसरी म्हणती सांधे धरतात. किती समजावलं."

उपासनींनी पेला खाली ठेवला. नलिनी औषध गटात होती, म्हणजे विरजण तिच्या कॅप्सूलमधल्या जिवाणूचं होतं. दही न खाणाऱ्या दोघी तुलना गटातल्याच होत्या; सोळातून दोन गेल्या, चौदा उरल्या. पातेल्यात भुकटी होती, म्हणून कुलूप रोज उघडं होतं. भुकटी पचवल्याशिवाय जिवाणू जगत नव्हता आणि द्रव्य बनवल्याशिवाय भुकटी पचत नव्हती. त्यामुळे इतक्या पिढ्या गेल्या तरी तो काम विसरला नव्हता. त्यांनी नमुना घेतला. अहवाल दुसऱ्या दिवशी आला: दह्यातला जिवाणू कॅप्सूलमधल्यापेक्षा अधिक जोमदार होता. तो सुकवलेला नव्हता, ताजा होता.

शुक्रवारी समितीचे अध्यक्ष डॉ. चिटणीस यांनी सगळं ऐकून घेतलं. ते नियमांना पक्के होते.

"तुमची चाचणी बिघडली आहे," ते म्हणाले. "तुलना गटाने औषध खाल्लं."

"बिघडली म्हणूनच उत्तर मिळालं," मुल्ला म्हणाले. "आता गट कॅप्सूलवरून पाडू नका. पोटात जिवाणू आहे की नाही, त्यावरून पाडा. हा नवा आलेख."

पडद्यावर पुन्हा दोन रेषा आल्या. एक खाली उतरत गेली, दुसरी वर चढत गेली. दोघींमध्ये हात घालता येईल एवढी जागा होती.

चिटणीसांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "निरोगी माणसाने हे दही खाल्लं तर?"

"मी ताक प्यायले. त्यानंतर भुकटी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या नमुन्यात काही नव्हतं."

"ठीक. औषध चालू राहील. घरी असलेल्या त्या चौघींना आणि निवासातल्या त्या दोघींना ताबडतोब कॅप्सूल द्या."

"त्या दोघींना उरलेल्या साठ्यातून देता येतील. चौघींसाठी नवी खेप यायला सहा आठवडे लागतील," उपासनी म्हणाल्या. "सईदाआपांकडे सहा आठवडे नाहीत."

मग चिटणीसांनी मंजुरीचा कागद पुढे ओढला. "औषधाचं स्वरूप काय लिहू?"

"दही," उपासनी म्हणाल्या.

त्यांनी तसं लिहिलं आणि खाली सही केली.

नियमाप्रमाणे आता प्रत्येकीला तिचा गट सांगायचा होता. रुग्णांची प्रतिनिधी म्हणून उज्ज्वला बाहेर बसलीच होती. तिला आत बोलावलं.

"तुमचा अंदाज काय?" चिटणीसांनी विचारलं.

"अंदाज कशाला? म्या औषधवाली. पहिल्या महिन्यातच पाठ मोकळी झाली. माझ्यासारखं जोरात औषध कुणालाच लागलं न्हाई."

मुल्लांनी लिफाफा फोडून कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

"तुलना गट? म्हंजे तुम्ही मला आठ महिने..."

"काहीच दिलं नाही," उपासनी म्हणाल्या. "आम्ही दिलं नाही. तुम्ही घेतलंत. आणि तेरा जणींना वाढलंत."

उज्ज्वला कागदाकडे बघत राहिली. मग इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "आगारात सांगते आता. गाडीत डिझेल नव्हतं, तरी जतला पोचले!"

उपासनींनी काचेची बरणी पुढे केली. "ताई, सईदाआपा आणि घरी असलेल्या बाकी तिघींसाठी विरजण हवंय. आणि आमच्या प्रयोगशाळेलाही."

"देते की. पण तळाचं माझं हां. उद्याचं लावायचंय."

त्याच दुपारी बरणी आणि भुकटीच्या पुड्या घेऊन नर्स सांगलीला बागवानांच्या घरी गेली. पहिले काही दिवस सईदाआपांना चमच्याने भरवावं लागलं. त्यानंतर नर्सने आपल्या अहवालांत जे लिहिलं, ते मुल्लांनी एकेक बिंदू म्हणून आलेखावर टाकलं. त्यांची वर जाणारी रेषा आधी आडवी झाली, मग खाली वळली.

सहा आठवड्यांनी कॅप्सूलची नवी खेप आली. खोका घेऊन उपासनी स्वतः गेल्या. दार सईदाआपांनीच उघडलं. त्या चालत आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली नव्हती. हातात पळी होती.

"आपा, अखेर कॅप्सूल आल्या."

सईदाआपांनी खोका हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बरं झालं. कपाटात ठेवते," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवशी दही लागलं नाही, तर उपयोगी पडतील."