निळ्या बॅगेतला चोरकप्पा

पावसाची सर आली तसा तो छत्रीऐवजी निळी बॅगच डोक्यावर धरून आत शिरला आणि दारातून बाहेर पडणाऱ्या तिच्यावर जवळजवळ आदळलाच.

"मुलांसाठी आणलीय," तो म्हणाला.

"अशी भिजवून?"

"वरून भिजलीय हो. आतून बघा... कोरडीठाक!"

आईवडिलांजवळ राहता येत नाही म्हणून काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहायला जाणाऱ्या मुलांच्या बॅगा भरणं हे या संस्थेत तिचं काम. टॉवेल, दोन जोड कपडे, चित्रांची वही – सगळं आसपासच्या लोकांनी दिलेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत सामान कोंबून कुणा मुलाला नव्या दारात उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. आणि हा समोरच्या रस्त्यावरचा बॅगा दुरुस्त करणारा. त्या दिवसापासून दर गुरुवारी एक जुनी बॅग नवीकोरी करून आणू लागला. येताना हसायचा, आणि ते हसू तिच्या डोक्यातून दिवसभर जायचं नाही. लोकांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हिचा संशय असायचा. इतकं गोड कुणी फुकट हसतं का?

चौथ्या गुरुवारी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती निळी बॅग कुणाला मिळाली? कुठे राहतं ते मूल?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. "पत्ता आम्ही कुणालाही देत नाही."

"बरोबर आहे," तो म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले.

तो गेल्यावर तिनं नवी बॅग उलटी केली. अस्तरामागे बोटाला चेन लागली. चोरकप्पा! रिकामा. फळीवरच्या त्याच्या बाकीच्या दोन्ही बॅगांतही तस्साच. निळी बॅग तर तिनं स्वतःच्या हातानं सात वर्षांच्या मुलीला दिली होती. काय पोचवायचं होतं याला त्या पोरीपर्यंत? संस्थेच्या मोठ्या बाईंना सांगितलं तर त्याला हे दार कायमचं बंद होणार, आणि न सांगावं तर... बॅग काखेत मारून ती तडक त्याच्या दुकानात गेली.

"हे काय आहे?"

त्यानं हातातली सुई खाली ठेवली. "मी लहानपणी चार घरं बदलली. प्रत्येक वेळी माझी बॅग दुसरंच कुणीतरी भरायचं. माझं असं काही उरायचंच नाही... म्हणून कप्पा. ज्याचा त्यानं भरायचा. पहिल्या बॅगेतला सापडला का, एवढंच कळायला हवं होतं. पत्ता विचारायला नको होता. चुकलंच."

"आणि हे खरं कशावरून?"

"नका विश्वास ठेवू. मुलांच्या बाबतीत तर नकोच. तुमच्या बाईंना सांगा. त्या नको म्हणाल्या तर सगळे कप्पे उसवून देतो."

लबाड माणूस असं बोलत नाही, असं तिला वाटलं. तरीही तिनं बाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी त्या मुलीकडे गेल्या.

"बॅगेत आत एक कप्पा आहे, पाहिलास?"

"कुठला कप्पा?" मुलगी म्हणाली. चेहरा अगदी भोळा, पण तळहात बॅगेवर नेमका त्याच जागी घट्ट दाबलेला. ते पाहून तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाईंनी कप्पे राहू दिले.

गुरुवारी तो निघायच्या आत तीच दुकानात हजर झाली. "सापडला. पण दाखवला नाही हं आम्हाला!"

मान वळवून त्यानं डोळे पुसले.

"आणि माझ्या पर्सचा बंद तुटलाय," ती घाईघाईनं म्हणाली.

त्यानं बंद निरखला. "हा तुटलेला नाही... कात्रीनं कापलाय."

"फार संशयी हो तुम्ही!" ती म्हणाली.

"संशयी तुम्ही. मला तुमचा वाण लागला."

"मग अस्तरही तपासा."

अस्तराला आतून वेड्यावाकड्या टाक्यांचा एक कप्पा होता. त्यात घडी घातलेला कागद होता. कागदावर तिच्या घराचा पत्ता, आणि खाली 'रविवारी, पाच वाजता'.

"पत्ता कुणालाही देत नाही ना तुम्ही?" त्यानं विचारलं.

"मुलांचा देत नाही," ती म्हणाली. "आणि हा... याआधी कुणाला द्यावासा वाटलाच नव्हता. आवडता तुम्ही मला. येणार का?"

त्यानं कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि त्यावर तळहात घट्ट दाबून धरला.

"कुठला पत्ता?" तो म्हणाला.