धीरस्वर

नागपूरच्या वाणी संशोधन केंद्रातल्या निःशब्द कक्षात हेमराज गायधने खुर्चीच्या काठावर बसले होते. त्या खोलीच्या भिंती आवाज शोषून घेत, त्यामुळे आत बसलेल्याला स्वतःचा श्वासही मोठा वाटे. मुलाखत घेणाऱ्याच्या जागी डॉ. अरुंधती देवपुजारी होत्या. काचेपलीकडे त्यांचा ध्वनी अभियंता प्रशिक मेश्राम यंत्र जुळवत होता.

गायधने पाण्याचे रसायनतज्ज्ञ. बायको रंजना आजारी पडली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तिचं सगळं स्वतः केलं. तीन वर्षांनी ती गेली. त्यानंतर ते दोन ठिकाणी मुलाखतीला गेले आणि दोन्हीकडे एकाच प्रश्नावर अडकले. मधली तीन वर्षं काय करत होता? ते सांगत, बायको आजारी आहे. 'होती' हा शब्द तोंडातून निघत नसे. आवाज कापू लागे. समोरच्यांना वाटे, याच्या घरी अजून आजारी माणूस आहे, हा कामावर काय टिकणार. आता शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातली एक जागा निघाली होती. वयोमर्यादेमुळे पुढच्या वर्षी अर्ज करण्याची सोय नव्हती. ही गेली की संपलं.

डॉ. देवपुजारींनी त्यांच्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र बसवलं. त्याचं नाव धीरस्वर. गायधने बोलतील ते यंत्र ऐकणार होतं, त्यातला कंप काढणार होतं आणि तोच आवाज त्यांच्या कानात लगेच परत सोडणार होतं. बोलणाऱ्याला तो आपलाच आवाज वाटतो, आणि तो असतोही आपलाच. फक्त घाबरलेला नसतो.

पहिल्या सरावात ते अडखळले. दुसऱ्यात कमी अडखळले. दुपारपर्यंत त्यांचे खांदे सैल झाले होते. घरी सरावासाठी यंत्र त्यांच्याबरोबर दिलं आणि वाक्यही पाठ करून घेतलं: पत्नी तीन वर्षं आजारी होती, आता ती नाही, मी कामाला मोकळा आहे.

ते गेल्यावर प्रशिकने चहाचा कप बाजूला ठेवला. त्याच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस होती.

"मॅडम, कंप काढला की भीती कशी जाते, ते मला कळतं. मेंदू आपलाच आवाज ऐकतो आणि समजतो की आपण शांत आहोत. पण मुळात कंप येतो कशाला?"

"शंका असली की येतो," त्या म्हणाल्या. "ज्याची खात्री नाही ते बोलताना स्वरयंत्र किंचित आखडतं. कान ते पकडतो. मेंदूची स्वतःवरची देखरेख आहे ती. आपण काय बोललो ते खरं की नाही, हे तो आपल्याच आवाजावरून ताडतो."

"म्हणजे आपण ती देखरेख बंद करतो."

"काही दिवसांपुरती. ज्याला काम येतं त्याने 'मला काम येतं' एवढं न कापता म्हणावं म्हणून."

"आणि वाक्य चुकीचं असलं तर? यंत्राला अर्थ कळत नाही."

देवपुजारी हसल्या. मुलाखतीत आजवर कोण शंभर टक्के खरं बोललंय, तू इथे आलास तेव्हा म्हणाला होतास की तुला सकाळी लवकर उठायची आवड आहे, असं त्या म्हणाल्या. प्रशिकही हसला. विषय तिथेच राहिला.

गायधन्यांची निवड झाली. पत्र मिळालं त्याच आठवड्यात ते केंद्रात आभार मानायला आले. पांढरा शर्ट, दाढी नीट केलेली. सोबत मुलगी ऋतुजा होती. ती अमरावतीला शिकायला असते, वडिलांची बातमी ऐकून आली होती. तिने वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि एकटीच आत आली.

"तुम्ही माझ्या बाबांना काय केलंत?"

देवपुजारींनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

तिने सांगितलं ते असं. सकाळी घरी पोचली तेव्हा आईचा फोटो भिंतीवर नव्हता. तो कपाटात होता आणि हार कचऱ्यात. जिवंत माणसाच्या फोटोला हार कुणी घातला म्हणून बाबा तिच्यावरच रागावले. आधी तिला वाटलं, दुःखाने बोलताहेत. पण ते दुःखी नव्हते. वांग्याची भाजी करत होते, आईला चालते तशी बिनतिखटाची. मुलाखत कशी झाली विचारलं तर आनंदाने सांगत सुटले. मुलाखतीत मधल्या तीन वर्षांचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पत्नी आजारी होती. आणि आता, असं निवड समितीच्या एका सदस्याने विचारलं.

"तर बाबा म्हणाले, आता बरी आहे, घरी आहे. तो सदस्य म्हणे खूश झाला."

देवपुजारींना काय घडलं ते कळायला वेळ लागला नाही. पाठ केलेलं वाक्य माणूस रिकाम्या घरी म्हणत होता. जीभ सवयीने घसरत होती, 'आता ती नाही'च्या जागी 'आता ती आहे' येत होतं. कक्षात त्या दर वेळी थांबवायच्या. घरी थांबवणारं कुणी नव्हतं. यंत्राने कंप काढला, कानाने खात्री दिली, आणि मेंदूने विश्वास ठेवला. रोज, अनेकदा. यंत्र कुठेही बिघडलं नव्हतं.

"त्यांचं भान परत येईल," त्या म्हणाल्या. "उलट सराव करता येतो. खरं वाक्य, याच यंत्रातून. पण यंत्र फक्त म्हटलेलं पक्कं करतं. म्हणायला त्यांना आधी कळलं पाहिजे."

"म्हणजे कुणीतरी सांगायचं."

"हो."

"आणि त्यांना ते पहिल्यांदाच कळणार."

न सांगण्याचाही एक मार्ग होता आणि तिघांनाही तो दिसत होता. बाहेरचा माणूस जेवत होता, झोपत होता, सोमवारी कामावर रुजू होणार होता. पण संध्याकाळी घरी गेल्यावर तो रंजनाला हाक मारणार होता, आणि कधीतरी तिला शोधू लागणार होता.

"मी सांगते त्यांना," देवपुजारी म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"तुम्ही त्यांच्या कोण? मी सांगते." ऋतुजाने ओढणीने तोंड पुसलं. तिचा आवाज फुटत होता.

देवपुजारींनी दुसरं धीरस्वर काढून तिच्यापुढे धरलं. नीट बोलता येईल, तुला त्रास कमी होईल, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. ऋतुजाने ते हातात घेतलं, पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

"नको. आई गेली हे मी शांतपणे बोलले, तर मलाही त्याचं काही वाटेनासं होईल."

ती बाहेर गेली. दार अर्धं उघडं राहिलं. प्रशिक ते लावायला उठला, देवपुजारींनी हाताने त्याला थांबवलं.

गायधने बाकावर सरकले आणि मुलीला जागा करून दिली. काय गं, एवढा वेळ, आई वाट पाहत असेल, ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता.

"बाबा," ती म्हणाली. आई गेली, एवढं पुढचं वाक्यही तिला सलग म्हणता आलं नाही. शब्द तुटत होते, मध्ये श्वास अडकत होता. गायधने तिच्या तोंडाकडे बघत, मान किंचित वाकडी करून, ते ऐकू लागले.