घाटकोपरचं दार

लाइट गेले म्हणून सोसायटीतली पोरं गच्चीवर जमली होती. मधुकरकाका पाण्याच्या टाकीला टेकून बसले.

"काका, भुताची खरी गोष्ट सांगा हं," विकी म्हणाला. "नेटवरची नको."

"नेटवरची मला कुठली येणार रे? दशरथ माझ्या ऑफिसात होता. त्याच्या बायकोने, उत्तराने, हे सगळं आमच्या हिला स्वतः सांगितलं. एकदाच. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शुक्रवार होता, अमावास्येचा."

आणि काका सांगू लागले.

उत्तराची मुलगी रेवती आर्किटेक्चर शिकत होती. कॉलेजच्या कामासाठी तिला त्या नव्या कलासंग्रहालयात जाऊन स्केचेस करायची होती. हायवेवरून ती पांढरी इमारत दिसते बघ, लोक गाडी थांबवून फोटो काढतात, तीच. शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडी असते. अमावास्येला कशाला बाहेर पडायचं, असं उत्तराच्या मनात येऊन गेलं. पण सोमवारी सबमिशन. तेव्हा निघाल्या मायलेकी. दशरथ म्हणाला, या जाऊन, मी खिचडी लावतो.

आत थंडगार. आफ्रिकेचे मुखवटे, जपानी पडदे, आपल्याकडची चित्रं, सगळं शेजारी शेजारी मांडलेलं. कुठलं काम कुठल्या देशाचं ते ओळखू येऊ नये, हीच तिथली गंमत. शेवटच्या दालनात नुसती दारं होती. भिंती नाहीत, चौकटीसकट मोकळ्या जमिनीवर उभी केलेली. मोरोक्कोचं निळं, मेक्सिकोचं पिवळं, कोरियाचं कागदी. कुठलंही उघडायचं आणि या देशातून त्या देशात जायचं.

"आई, मी मेक्सिकोत गं!" रेवती पलीकडून ओरडली. उत्तरालाही हसू आलं.

मग तिला ते पोपटी दार दिसलं.

वरची फळी फुटलेली, तिच्यावर पत्रा ठोकलेला. तो पत्रा दशरथने ठोकला होता. घाटकोपरच्या चाळीतलं त्यांचंच दार. चाळ पडली, टॉवर आला, दारं-खिडक्या भंगारवाल्याने नेल्या. ते इथे येऊन उभं राहिलं होतं. याच दाराआड तिच्या सासूबाई गेल्या. मृणालिनीबाई. शेवटी शेवटी त्यांना काही आठवायचं नाही, उठून रस्त्याला लागायच्या. म्हणून उत्तरा ऑफिसला जाताना बाहेरून कडी घालायची. वर कुलूप.

दाराच्या आतल्या बाजूवर संग्रहालयाने दिव्याचा सुरेख झोत सोडला होता. कमरेच्या उंचीवर ओरखडेच ओरखडे. त्यांना वॉर्निश केलेलं. शेजारी पाटी... 'अज्ञात स्त्रीने कोरलेली नक्षी.' एक जोडपं त्या नक्षीपुढे हसून सेल्फी घेत होतं.

"आई, हे आपलं जुनं दार ना गं?"

"छे! अशी दारं घरोघर होती."

"पण तो पत्रा बघ ना..."

"नाही म्हटलं ना! आटप लवकर."

रेवतीने खांदे उडवले. दोघी वळसा घालून कडीच्या बाजूला आल्या, तशी रेवती दार ढकलून पलीकडे गेली. दार मागे लागलं. बाहेरची कडी आपोआप पडली. खट्.

"आई, उघड ना. मस्करी पुरे."

उत्तराने कडी धरली आणि हात झटकन मागे घेतला. एवढ्या एसीत कडी तव्यासारखी तापली होती. ती वळसा घालून पलीकडे धावली. पलीकडे कुणी नव्हतं. नुसती चकचकीत फरशी.

आणि दार वाजत होतं.

"आई, गरम होतंय गं इथे."

पहारेकरी आला. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलं. "मॅडम, कोणी नाहीये. पुढे गेली असेल." त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

"आई... पाणी..."

उत्तराने परत येऊन ओढणी हाताला गुंडाळली. कडी ओढली. हलेना. पुन्हा ओढली.

मग आतून दुसरा आवाज आला. एका म्हातारीचा. अगदी शांत.

"राहू दे. दमली की गप्प बसेल."

काका थांबले.

"हे वाक्य उत्तराचंच होतं," काका हळूच म्हणाले. "चाळीत असताना, मे महिन्यात, भर दुपारी, शेजारच्या संघमित्राने तिला ऑफिसात फोन केला. लाइट नाहीत, आजी दार बडवताहेत, लवकर ये. तेव्हा उत्तरा हेच बोलली. आणि मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेली. संध्याकाळी कुलूप काढलं तर दार आत जाईना. सासूबाई दाराला टेकूनच होत्या. दशरथला तिने सांगितलं, झोपेत गेल्या."

तिकडे दालनात ठोठावणं मंदावलं. मग नुसती नखं. मग... काहीच नाही.

कडी वर गेली.

उत्तराने दार ढकललं. जड लागलं.

रेवती आत दाराला टेकून बसली होती. घामाने चिंब, नखं तुटलेली. जिवंत होती.

"बाळा..."

रेवतीने तिच्याकडे पाहिलं. रस्त्यातल्या बाईकडे पाहावं तसं.

घरी दशरथने दार उघडलं, तशी पोरीने बापाचा हात घट्ट धरला.

"दशरथ," ती म्हणाली, "ही बाई मला कोंडते रे."

दशरथ आधी हसला. मग त्याने बायकोचा चेहरा पाहिला. पुढे त्याला काही विचारावं लागलं नाही.

आता तो मुलीला घेऊन कांदिवलीला राहतो. उत्तरा जाते, जिन्यात उभी राहते, परत येते. तिचा आवाज आला की रेवती किंचाळते.

"आणि डॉक्टर?" पोरांतल्या हेमांगीने विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय, होईल बरी. पण पहिल्याच दिवशी नर्सने बीपी बघायला रेवतीची बाही वर केली आणि ती तशीच थांबली. कोपराखाली दोन वण होते. रुपयाएवढे, जुने, सुरकुतलेले. देवीची लस टोचल्याचे... ती लस बंद झाली, तेव्हा उत्तरासुद्धा पाळण्यात होती."