उद्याचा ठिपका

लिहून घ्या ना बाई, सगळं सांगते. फक्त आधी ते दार लावा.

जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात मी फाटकी पानं जोडते. खळ, ब्रश, पातळ कागद आणि धीर, एवढंच माझं भांडवल. मागच्या आठवड्यात दुपारी आमच्या मॅडमनी एक रोजनिशी टेबलावर ठेवली. शंभर वर्षांपूर्वीची, छापील तारखांची. लिहिणारी कुणा कारकुनाची बायको.

"इतिहास म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत," त्या म्हणाल्या. "संसार कसे चालायचे ते यात कळतं. वाचत वाचत जोड."

संसारच होता. सतरा कपडे वाळत घातले. कंदिलाची काच पुसली. सासूबाईंचे गुडघे धरले. 'हे' उशिरा आले, जेवले नाहीत. मला हसू आलं. शंभर वर्षांत बायकांचं बदललं काय, तर कंदील गेला.

मग ठिपके दिसले. काही तारखांच्या कोपऱ्यात तपकिरी शाईचा एकेक ठिपका. ठिपक्याच्या पानावर मजकूर नसायचा, आणि दुसऱ्या दिवशी अक्षर वाकडं यायचं. 'जिन्यावरून पाय घसरला.' 'कपाटाचं दार लागलं.' अकरा ठिपके, अकरा वेळा.

माझा हात थांबला. गेल्या महिन्यात डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं, तेव्हा मीही ऑफिसात जिन्याचंच नाव घेतलं होतं. आमचं घर तळमजल्यावर आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प राहिले.

वाटलं, बिचारी मार खाल्लेल्या दिवसांची खूण करून ठेवत असेल. शेवटच्या मजकुरापर्यंत तसंच वाटत होतं. तिथे लिहिलं होतं, 'ठिपके मी देत नाही. आदल्या दिवशी आपोआप उमटतात. उद्याच्या पानावर आज मोठा आहे. बहिणीकडे निघून जावं म्हणते. कपडे भिजत घातलेत, तेवढे धुऊन निघेन.'

मी पान उलटलं. कोपऱ्यात नाण्याएवढा ठिपका. त्यापुढची सगळी पानं कोरी.

मॅडमना दाखवलं. "अगं, शाई झिरपते," त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली.

घरी पोचले तेव्हा ऊन होतं. हे यायचे होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सहज नजर गेली… उद्याच्या चौकोनात तपकिरी ठिपका. बोट लावलं. ओला होता.

मोरीत बादलीभर कपडे भिजत होते. सवयीने मी बाह्या वर केल्या, आणि तिचं 'तेवढे धुऊन निघेन' आठवलं. कपडे तसेच टाकले, पिशवी उचलली आणि ताईकडे गेले.

दुसरा दिवस उजाडला, मावळला. मला कुणी बोटही लावलं नाही. जीव भांड्यात पडला. ठिपका खोटा पाडता येतो, एवढं कळलं. त्या बाईला ते कळायला हवं होतं.

पण आज सकाळी ह्यांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "झालं गेलं विसर. तुझे कपडेसुद्धा धुतलेत मी. उद्या येतो न्यायला."

ताई म्हणाली, "जा गं. घरोघरी मातीच्या चुली. माणूस सुधारतो कधीतरी."

मी मान वर करून तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्याच्या चौकोनात… तसाच. मोठा.

ताईला बोलावून दाखवला. तिला दिसला नाही.

म्हणून इथे आले. कुणीतरी म्हणालं होतं, तुमच्या या आश्रमात बायकांना विचारपूस न करता ठेवून घेतात. इथला पत्ता ह्यांना ठाऊक नाही. ताईलाही सांगितलेला नाही. इथे भिंतीवर कॅलेंडर नाही, हे आत आल्या आल्या पाहिलं आणि बरं वाटलं.

तुमचं ते हजेरीचं रजिस्टर… त्यात रोजची तारीख छापलेली असते का? असू दे, उलटू नका पान.

एवढंच सांगा बाई. पेन तुमचं निळं आहे ना? मग तुमच्या बोटाला हे तपकिरी काय लागलंय?