हिरव्या पट्ट्याची कसर

“मावशी, राजाच्या पाठीला भोकं!” दादा ओरडला.

सुट्टी लागली की नाटकमंडळीची कपड्यांची खोली म्हणजे ढापणी, तिचा दादा आणि शेजारचा गोट्या यांचं राज्य! कारण ते कपडे मावशी सांभाळायची. तिने राजाचा लाल लोकरी झगा उजेडात धरला तर पाठीची पार चाळण झालेली.

नेमके व्यवस्थापक आत आले. “कामात कसर केलीत, बाई! पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघतो.”

प्रत्येक कपडा झटकून उन्हात घालणाऱ्या मावशीला हे ऐकावं लागावं? ढापणीने भिंग घेऊन झगा पालथा घातला. घडीत तांदळाएवढी एक नळी होती, आणि ती चक्क चालत होती!

“आत अळी आहे! हीच ती कसर,” ढापणी म्हणाली. “लोकर खाते आणि लोकरीचंच घर करते. पुढे तिचा भुरकट पतंग होतो. तो काहीच खात नाही.”

“उपाशी? मग जगतो कशाला?” गोट्या कळवळला.

“अंडी घालायला, खादाडा! माणसं लोकर घेऊन जिथे गेली, तिथे हीसुद्धा गेली. फुकटात!”

पण नळीची टोकं लाल आणि मधे हिरवा पट्टा! खोलीतल्या कपड्यांत तर हिरवी लोकर नव्हतीच. ढापणीने अळीला बरणीत पांढऱ्या लोकरीवर ठेवलं. काही दिवसांनी दोन्ही टोकांना पांढरी कड आली.

“घर टोकांनी वाढतं! म्हणजे मधला भाग सगळ्यात जुना. बाईसाहेब आधी हिरवं जेवल्यात!”

हिरवं कुठे असेल? तिघांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. शेवटी दादाने कोपऱ्यात नुकत्याच येऊन पडलेल्या जुन्या पियानोचं झाकण उचललं. आतली हिरवी लोकरी पट्टी कुरतडलेली, आणि भुरकट पतंग अंधाराकडे पळताहेत!

ढापणी साळसूदपणे व्यवस्थापकांकडे गेली. “काका, पियानो कुणी आणला हो?”

“मीच! फुकट मिळाला!” त्यांची छाती फुगली. “मावशी म्हणत होत्या, आधी उघडून साफ करू. एवढा वेळ कुणाला आहे?”

“मग आता काढा वेळ. कसर मावशीच्या कामात नाही, तुमच्या पियानोत आहे!”

आत डोकावताच त्यांचा चेहरा पडला. “चुकलो, बाई,” ते मावशीला म्हणाले. “तुम्ही कुठेही जायचं नाही. आणि पोरांनो, शाबास! माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.”

इतके दिवस मावशीने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र ती तिघांना कवटाळून हमसाहमशी रडली.