दिवा विझवणारी विहीर

मेहकरच्या कॉलेजातून एमएस्सीला प्रवेश न घेताच मंजुश्री डोणगावला परत निघाली होती. "केमिस्ट्री आता एआयच करून राह्यला, तू शिकून काय करशील?" घरीदारी हेच ऐकून तिलाही ते पटायला लागलं होतं. फाट्यावर उतरून तिनं शेतातली पायवाट धरली. भर दुपारी धुकं... आणि धुक्यातून एका बाईचा आवाज. गोड, शांत, कुठल्याच गावचा नसलेला.

जुन्या विहिरीच्या काठावर मोबाइल बोलत होता. शेजारी कमरेला दोर बांधून एक तरुण पाय आत सोडून बसला होता.

"कोणाशी बोलता हो?"

तो दचकला, मग हसला. "एआयशी. अडकलेली मोटर कशी सोडवायची, ते सांगून राह्यला. तुम्ही तरी खऱ्या हाय ना?"

"हात लावून पाहू नका म्हंजे झालं," ती बोलून गेली आणि स्वतःच लाजली.

त्याचं नाव संघर्ष. पुण्यातली नोकरी एआयपायी गेली, म्हणून मामाच्या शेतावर आलेला. डोळे मात्र अजून हसरे.

पण मंजुश्रीचं लक्ष विहिरीकडे गेलं. इतका ओलावा, तरी एकही बेडूक ओरडत नव्हता. कपारीतली पारव्यांची घरटी रिकामी. ती वाकली, तशी एक उबट, कुबट हवा तिच्या गालाला लागली... कोणीतरी उसासा टाकावा तशी.

"उतरू नका."

"काऊन? भूत हाय?"

"दिवा हाय का?"

विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीतल्या देवापुढचा दिवा तिनं बादलीत ठेवून खाली सोडला. ज्योत सरळ उभी होती. वारा नव्हता. मग ती बारीक झाली – आणि कोणी चिमटीत धरावी तशी विझली. पुन्हा लावला. पुन्हा तिथंच विझला.

"खाली पाला कुजला. जड वायू साचलाय," ती हळूच म्हणाली. "तुम्हाले नुसती झोप लागली असती..."

संघर्षचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मोबाइल उचलला. "विहिरीत जड वायू असू शकतो का?"

"हो," तोच गोड आवाज म्हणाला. "अशा विहिरीत उतरणं जीवघेणं ठरू शकतं."

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

"आपण विचारलं नव्हतं."

मंजुश्रीच्या अंगावर काटा आला. संघर्षनं मोबाइल बंद केला. कमरेच्या दोराची गाठ सोडू लागला, पण ती सुटेना. तिनंच ती सोडवली. तिचा हात त्यानं धरला... मग सोडलाच नाही.

"उद्या मेहकरले जातो मी," ती म्हणाली. "प्रवेश घ्यायले."

"अन् नोकरी नाही लागली तर?"

"नाही लागली तर नाही. पण काय विचारायचं, ते तरी मले कळन."

"मंग मी एक विचारू?" तो म्हणाला. "रोज सोडायले येऊ का... तुले?"

तुम्हालेचं तुले कधी झालं, हे दोघांनाही उशिरा उमगलं.

"हाव," ती म्हणाली.

मागं विहिरीत काहीतरी बुडबुडलं. धुक्यातून जाताना दोघांनीही वळून पाहिलं नाही.