पिवळी रेघ आणि मास्तरांचं पेन

ही गोष्ट माझ्या सख्ख्या भाचीची. तिच्याच तोंडून ऐकली आहे. देवाला स्मरून सांगतो, यात पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

वेळ रात्रीची नव्हती. रविवारची दुपार, अडीच वाजलेले. जागा तिचं ऑफिस. तिसरा मजला, सहा टेबलं, खिडकीबाहेर लख्ख ऊन.

आणि आत ती एकटी.

भाची प्रोग्रॅम लिहिते. त्यांनी एका दवाखान्यासाठी प्रोग्रॅम केला होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा श्वास मोजायचा आणि तो थांबला की घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. दवाखान्यातलं जुनं यंत्र शुक्रवारी बंद पडलं. नऊ बाळं, रात्रपाळीला नर्स एकच.

त्या नवांतलं एक बाळ तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

पाच वाजता दवाखान्याचा माणूस प्रोग्रॅम न्यायला येणार होता. सगळं तयार होतं. अडलं होतं एका पिवळ्या रेघेवर.

पायथन या प्रोग्रॅमच्या भाषेत दुसऱ्या फाईलमधलं काही हवं असेल तर वरती तिचं नाव घेऊन तिला बोलवावं लागतं. एडिटरला, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम टाईप करतात त्याला, ती सापडली नाही की नावाखाली पिवळी नागमोडी रेघ उमटते. 'इशारा' या नावाखाली ती रेघ होती. घंटा कधी वाजवायची हे सगळं त्याच फाईलमध्ये.

ती लिहिली होती मास्तरांनी, ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या माणसाने. फाईल मागितली की म्हणायचे, "माझ्याकडे चालतंय की." त्यांच्याकडे चालायचंच. ती सगळ्यांसाठी ठेवायची मात्र राहून गेली. महिन्यापूर्वी मास्तर झोपेतच गेले, आणि मॅनेजरने नियमावर बोट ठेवून त्यांच्या मशीनची डिस्क मोडीत काढली. रिकामा डबा तेवढा कपाटावर उरला.

भाचीने एडिटर बंद करून पाहिला. पुन्हा उघडला. फोल्डरचा पत्ता बदलला. कुठल्या जागचं पायथन वापरायचं त्याची यादी असते, त्यात तीन नावं होती. तिन्ही निवडून पाहिली.

रेघ जागची हलेना.

सहकाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे लंबू म्हणतात. त्याने शांतपणे विचारलं, "बंद करून चालू केलंस का?"

"तुलाच एकदा बंद करून चालू करते, थांब," म्हणत तिने फोन आपटला. डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं.

साडेतीन वाजले.

तिने ती यादी पुन्हा उघडली. काही सुचत नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही.

यादीत आता... चार नावं होती.

चौथ्या ओळीत मास्तरांच्या मशीनचा पत्ता होता.

तिने कपाटाकडे पाहिलं. डबा तिथेच. वायर गुंडाळलेली, वर धूळ.

तिने ती ओळ निवडली.

पिवळी रेघ गेली...

घाईघाईने तिने 'इशारा'वर क्लिक केलं. फाईल उघडली. अकरा ओळी. मास्तरांचीच धाटणी, बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोकळ्या जागा. तिने ती अधाशासारखी वाचली आणि ताडून पाहायला बाजूची दुसरी फाईल उघडली.

इथेच चुकलं. या एडिटरमध्ये नुसती डोकावून पाहिलेली फाईल तिरप्या अक्षरांत दिसते. दुसरी उघडली की पहिली जाते. पोरगी रोज दहादा हे करते, पण आज नेमकी विसरली.

'इशारा' गेली. रेघ परत आली. यादीत तीनच नावं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग मात्र ती इरेला पेटली. नवी फाईल उघडली आणि आठवेल तसं टाईप करायला बसली. दहा ओळी जशाच्या तशा आठवल्या. अकरावीत एक आकडा होता... श्वास थांबल्यावर किती सेकंदांनी घंटा.

तोच आठवेना. डॉक्टरांना फोन केला, तर ते ऑपरेशनमध्ये.

तिने तीस लिहिलं.

टक्... टक्.

तिचे हात थांबले. मास्तरांची एक सवय होती. मागे येऊन उभे राहायचे. चूक दिसली तर तोंडाने बोलत नसत, पेनाचं टोक टेबलावर दोनदा आपटायचे. बरोबर असेल तर गप्प.

तिने मागे पाहिलं नाही. मला म्हणाली, "मामा, मान वळतच नव्हती."

तीस खोडून वीस लिहिलं.

टक्... टक्.

या वेळी जवळून. अगदी खांद्यामागून.

तिने पंधरा लिहिलं.

काही नाही.

पंखासुद्धा वाजेना, इतकी शांतता...

पाच वाजता माणूस आला. त्याच्यासमोरच तिने डॉक्टरांना पुन्हा फोन लावून विचारलं, "पंधरा सेकंदच ना?" ते म्हणाले, "पंधरा. मास्तरांशी तोंडीच ठरलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने फोन ठेवला आणि प्रोग्रॅम त्या माणसाच्या हाती दिला.

त्याच रात्री धाकटीच्या बाळाचा श्वास थांबला. पंधराव्या सेकंदाला घंटा वाजली, नर्स धावली. बाळ वाचलं. तीन आठवड्यांनी घरी आलं. आम्ही सगळ्यांनी देवापुढे हात जोडले. मी मनातल्या मनात मास्तरांनाही जोडले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

आज दुपारी भाची घरी होती. कॉम्प्युटर बंद. धाकटीचा फोन आला. बाळ सकाळपासून जरा जास्तच झोपतंय, दाखवून आणू का, असं विचारत होती. भाची हसून म्हणाली, "अगं, ठणठणीत आहे तो. आज नाही नेलंस तरी चालेल."

मागे भिंत होती. टेबल नव्हतं, कुणी नव्हतं...

टक्... टक्.

तिने फोनवरच ओरडून सांगितलं, आत्ताच्या आत्ता निघ.

दोघी दवाखान्यात आहेत. मी फोन समोर ठेवून बसलो आहे. मन रमावं म्हणून हे लिहायला घेतलं. अजून फोन आलेला नाही.

'बाळाला काही झालेलं नसणार' असं एक वाक्य मघाशी लिहिलं होतं.

ते मी खोडलं आहे.

का, ते मला विचारू नका.